अप्रिय सरकारचा हिशेब

2022 च्या फेब्रुवारीत रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं, तेव्हा कीव्ह चार-सहा दिवसांत पडेल असं भल्याभल्या जाणकारांना वाटत होतं. तसं झालं नाही. सैन्य कसं लढलं हे साऱ्या जगाने पाहिलं. पण त्याच दिवसांत बँका सुरू राहिल्या, निवृत्तिवेतन खात्यांत जमा होत राहिलं आणि रेल्वे लाखो माणसांना पश्चिम सीमेकडे पोचवत राहिली, याची फारशी चर्चा झाली नाही. आणखी एक गोष्ट नजरेआड राहिली. एकेकाळी युक्रेनशी बिनसलं की रशिया गॅसचा कॉक फिरवण्याची धमकी देत असे. या वेळी ती धमकी देण्यासारखी उरलीच नव्हती, कारण 2015 च्या नोव्हेंबरपासून युक्रेनने रशियाकडून गॅस विकत घेणं थांबवलं होतं. तोफगोळे पडत असताना सरकारी तिजोरी सावरता येत नाही आणि गॅसचा पुरवठादारही बदलता येत नाही. ही कामं आधीच झालेली असावी लागतात. ती ज्या सरकारच्या काळात सुरू झाली, त्याच्या प्रमुखाचं नाव मात्र आज युक्रेनमध्येही कुणी कौतुकाने घेत नाही. त्यांचं नाव आर्सेनी यात्सेन्युक. फेब्रुवारी 2014 ते एप्रिल 2016 असा दोन वर्षांहून थोडाच अधिक काळ ते पंतप्रधान होते आणि पद सोडलं तेव्हा देशातल्या सर्वांत नावडत्या पुढाऱ्यांत त्यांची गणना होत होती. माझं म्हणणं असं की, लोकांचा राग समजण्यासारखा असला तरी निकाल अन्यायाचा होता. या सरकारने घेतलेले सर्वांत अप्रिय निर्णय हेच त्याचं सर्वांत मोलाचं काम होतं.

हे पटण्यासाठी आधी ते पद समजून घ्यायला हवं. आपल्याकडे राष्ट्रपती घटनात्मक प्रमुख असतात आणि खरी सत्ता पंतप्रधानांकडे असते. युक्रेनमध्ये राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी निवडून येतो. सैन्य आणि परराष्ट्र धोरण त्याच्या हाती असतं, संरक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्रीही त्याच्याच शिफारशीने नेमले जातात. पंतप्रधानाला 450 जागांची संसद, म्हणजे व्हर्खोव्हना राडा, निवडते आणि त्यासाठी 226 मतं लागतात. त्याच्या वाट्याला येतात ते कर, महागाई, निवृत्तिवेतन आणि घरगुती गॅसचे दर. मानाची कामं एकाकडे आणि लोकांच्या शिव्या खाण्याची दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे. ती 2004 च्या ऑरेंज क्रांती या जनआंदोलनाच्या वेळच्या घटनादुरुस्तीने आली, 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांच्या राजवटीत रद्द झाली आणि 2014 च्या फेब्रुवारीत पुन्हा लागू झाली. या वाटणीपायी राष्ट्राध्यक्ष व्हिक्टर युशचेंको आणि पंतप्रधान युलिया तिमोशेंको या क्रांतीतल्या दोन सहकाऱ्यांत उभा दावा निर्माण झाला. अलीकडच्या डेनिस श्मिहाल यांचा अपवाद सोडला, तर स्वतंत्र युक्रेनच्या एकाही पंतप्रधानाला सलग चार वर्षं पूर्ण करता आलेली नाहीत. अशा खुर्चीवर बसून दीर्घकाळाचं काही करायचं, तर आपली लोकप्रियता पणाला लावण्याची तयारी लागते.

यात्सेन्युक यांची घडण अशा कामाला साजेशी होती, राजकारणाला मात्र तितकीशी नव्हती. 22 मे 1974 रोजी पश्चिम युक्रेनमधल्या चेर्निव्हत्सी या विद्यापीठाच्या गावी त्यांचा जन्म झाला. आईवडील दोघेही अध्यापनातले. त्यांनी कायदा शिकला, पुढे हिशेबशास्त्राची पदवी घेतली, काही वर्षं एका खासगी बँकेत काढली आणि 2001 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते क्रायमियाच्या प्रादेशिक सरकारात अर्थव्यवहारमंत्री झाले. तिथून राष्ट्रीय बँकेत. 2004 च्या उन्हाळ्यात बँकेचे गव्हर्नर निवडणूक प्रचारासाठी बाजूला झाले आणि तिशीतल्या यात्सेन्युक यांच्याकडे हंगामी कारभार आला. नोव्हेंबरअखेरीस ऑरेंज क्रांती पेटली, सरकार टिकेल की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि लोक ठेवी काढायला बँकांसमोर रांगा लावू लागले. राष्ट्रीय बँकेने मुदतपूर्व ठेवी काढण्यावर तात्पुरती बंदी घातली. लोक चिडले, पण बँका वाचल्या आणि घबराट ओसरली. पुढे दहा वर्षांनी जे मोठ्या प्रमाणावर घडायचं होतं, त्याचा नमुना इथे दिसतो. नंतरची चढण भराभर झाली. 2005 मध्ये अर्थव्यवहारमंत्री, 2007 च्या मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तेहतिसाव्या वर्षी, राडाचे सभापती. जानेवारी 2008 मध्ये नाटोकडे सदस्यत्वाच्या पूर्वतयारीचा कार्यक्रम मागणाऱ्या पत्रावर राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानांसोबत त्यांचीही सही होती. त्यावरून विरोधकांनी राडाचं कामकाज कित्येक आठवडे बंद पाडलं. त्या वर्षाअखेर सभापतिपद गेलं. 2010 मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा जेमतेम 7 टक्के मतं मिळवून चौथ्या क्रमांकावर राहिले. नेमणुकांच्या पायऱ्यांनी वर आलेल्या या माणसाला जनतेतून बळ मिळवणं कधीच नीट जमलं नाही. पुढे हीच उणीव त्यांना भोवली.

2013 च्या नोव्हेंबरात सरकारने युरोपीय संघाशी होऊ घातलेला सहकार्य करार अचानक बाजूला ठेवला आणि कीव्हच्या मैदानात माणसं जमू लागली. तिमोशेंको तेव्हा तुरुंगात होत्या आणि त्यांच्या पक्षाचं संसदेतलं नेतृत्व यात्सेन्युक यांच्याकडे होतं. मुष्टियोद्धा व्हिताली क्लिच्को, राष्ट्रवादी ऑलेह त्याह्निबोक आणि ते, असे तिघं विरोधकांचे चेहरे होते, तरी मैदान त्यांच्या ताब्यात होतं असं म्हणता येणार नाही. जमाव त्यांचीही हुर्यो उडवी. 25 जानेवारी 2014 रोजी यानुकोविच यांनी यात्सेन्युक यांना थेट पंतप्रधानपद देऊ केलं. त्यांनी ते नाकारलं. फेब्रुवारीत गोळीबार झाला, शंभरच्या आसपास आंदोलक मारले गेले, यानुकोविच पळाले आणि महिन्यापूर्वी नाकारलेलं पद पुन्हा समोर आलं. या वेळी ते घेतलं तेव्हा त्यात सुख काहीच उरलेलं नव्हतं. 26 फेब्रुवारीच्या संध्याकाळी मंत्र्यांची नावं मैदानातल्या गर्दीसमोर वाचली गेली आणि दुसऱ्या दिवशी राडाने 371 मतांनी त्यांना निवडलं. त्याच दिवशी पहाटे क्रायमियाच्या राजधानीत, सिम्फेरोपोलमध्ये, निशाणी नसलेल्या गणवेशातल्या बंदूकधाऱ्यांनी प्रादेशिक संसदेची इमारत ताब्यात घेतली होती. नव्या पंतप्रधानाने आपल्या मंत्रिमंडळाला राजकीय कामिकाझेंचं सरकार म्हटलं. स्वतःच्या राजकीय मरणाची अशी आगाऊ नोंद करणारे पुढारी थोडे, आणि ती खरी ठरलेले त्याहून थोडे.

हाती आलेला देश कोणत्या अवस्थेत होता? आधीच्या राजवटीत घेतलेलं 37 अब्ज डॉलरचं कर्ज कुठे गेलं याचा पत्ता नाही आणि तिजोरी रिकामी आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी राडात सांगितलं. मार्चमध्ये हंगामी संरक्षणमंत्र्यांनी दिलेली माहिती याहून धक्कादायक होती. 41 हजारांच्या पायदळातले लढाईला तयार असे सैनिक केवळ सहा हजार होते. क्रायमिया हातचा गेला, एप्रिलपासून पूर्वेकडच्या दोन्बासमध्ये लढाई पेटली. देशाच्या कोळशाचा आणि पोलादाचा मोठा भाग तिथूनच येत असे. 2014 मध्ये अर्थव्यवस्था 6 टक्क्यांहून अधिक आणि 2015 मध्ये जवळपास 10 टक्के आकसली. डॉलरला 8 असलेलं रिव्निया हे चलन 25 च्या आसपास घसरलं आणि 2015 अखेर महागाईचा दर 43 टक्क्यांवर पोचला. या आकड्यांमागे माणसं होती. पगार आणि पेन्शन होतं तेवढंच, आणि दुकानातल्या किमती दीड-दोनपट. त्या काळातल्या सरकारवर लोकांनी प्रेम करावं अशी अपेक्षा करणंच चूक ठरेल.

या साऱ्यात गॅसचा प्रश्न मुळाशी होता आणि तो जरा तपशिलाने पाहायला हवा. सोव्हिएत काळापासून युक्रेनमधली घरं गॅसवर चालत. स्वयंपाक गॅसवर, पाणी तापवणं गॅसवर, आणि शहरांतल्या इमारतींना नळांतून पुरवली जाणारी उष्णताही गॅस जाळूनच तयार होई. 2014 च्या आधी बेताचा वापर असलेलं कुटुंब हजार घनमीटरला सुमारे 725 रिव्निया, म्हणजे त्या वेळचे 90 डॉलर देत असे. 2013 मध्ये रशियाकडून आणलेला गॅस 400 डॉलरच्या आसपास पडत होता. मधली तूट नफ्तोगाझ या सरकारी कंपनीच्या माथी, आणि तिथून सरकारच्या. 2014 मध्ये नफ्तोगाझची तूट एकटीच राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेपाच टक्क्यांच्या घरात होती. हे गरिबांना दिलेलं अनुदान होतं असं म्हणावं, तर मोठा बंगला तापवणाऱ्याला त्याचा वाटा अधिक मिळत होता. याहून वाईट म्हणजे एकाच नळातून वाहणाऱ्या एकाच गॅसला दोन भाव होते, घरासाठी स्वस्त आणि कारखान्यासाठी महाग. घरगुती म्हणून कागदावर दाखवलेला गॅस कारखान्याला विकला की मधला फरक खिशात पडे. अनेकांची संपत्ती याच फरकावर वाढली आणि त्या संपत्तीने राडातल्या जागा, वाहिन्या आणि पक्ष विकत घेतले.

तूट भरायला पैसा नसला की मॉस्कोकडे हात पसरावा लागे आणि मॉस्को किंमत वसूल करी. 2010 च्या एप्रिलमध्ये हजार घनमीटरमागे 100 डॉलरची सूट मिळाली, तिच्या बदल्यात सेव्हास्तोपोलच्या नाविक तळावरचा रशियाचा भाडेपट्टा 2042 पर्यंत वाढवून दिला गेला. 2013 च्या डिसेंबरात युरोपचा करार बाजूला ठेवल्यावर दर 268 डॉलरवर उतरला. यानुकोविच गेल्यावर, एप्रिल 2014 मध्ये, तोच 485 वर चढला. तीन वेळा भाव बदलला आणि तिन्ही वेळा तो बाजाराने ठरवला नव्हता. म्हणून घरगुती गॅसचा दर हा युक्रेनमध्ये स्वयंपाकघरापुरता विषय कधीच नव्हता. स्वस्त गॅस देणारं प्रत्येक सरकार देशाच्या परराष्ट्र धोरणाचा एकेक तुकडा गहाण टाकत होतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक असूनही दर पुरेसा वाढवायला कुणी धजत नव्हतं. यात्सेन्युक सरकारने तो वाढवला. मे 2014 पासून 725 चे 1089 झाले. एप्रिल 2015 पासून हिवाळ्यात दरमहा 200 घनमीटरपर्यंत 3600 आणि त्यापुढे 7188 रिव्निया असा दर लागू झाला. एका वर्षात असा धक्का सोसणं कोणत्याही घराला कठीण. त्याच काळात नफ्तोगाझची सूत्रं तरुण आंद्री कोबोल्येव्ह यांच्याकडे दिली गेली. जून 2014 मध्ये गॅझप्रॉम या रशियन कंपनीने पुरवठा तोडला, तेव्हा नफ्तोगाझने स्टॉकहोमच्या लवादाकडे दावा लावला. सप्टेंबरात स्लोव्हाकियातून उलट दिशेने गॅस घेण्याची मोठी सोय झाली. 2015 मध्ये युरोपकडून घेतलेला गॅस रशियाकडच्या गॅसहून जास्त होता आणि नोव्हेंबर 2015 मध्ये रशियाकडची खरेदी पूर्ण थांबली. अर्थसंकल्प आणि नफ्तोगाझ यांची मिळून तूट 2014 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 10 टक्के होती, 2015 मध्ये ती 2 टक्क्यांच्या आसपास आली. स्टॉकहोमच्या दाव्याचा शेवट फेब्रुवारी 2018 मध्ये लागला आणि डिसेंबर 2019 मध्ये गॅझप्रॉमने व्याजासह 2.9 अब्ज डॉलर भरले. तोवर दावा लावणारं सरकार जाऊन साडेतीन वर्षं उलटली होती.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की, स्लोव्हाकियातून येणारा गॅस मुळात रशियाच्याच जमिनीतून निघालेला होता, मग स्वावलंबन कसलं? गॅस कुठे उगम पावतो याने राजकारण ठरत नाही, तो कोण विकतो आणि करार कुणाशी होतो याने ठरतं. युरोपातला व्यापारी भाव मागतो, नाविक तळ मागत नाही. एका विक्रेत्याने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जाता येतं. हा फरक पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: किंमत गरिबांनी मोजली. ती मोजली, यात वाद नाही. सरकारने अनुदान गॅसच्या दरातून काढून कुटुंबाच्या हाती देण्याची व्यवस्था केली, अर्जाची पद्धत सोपी केली आणि 2016 च्या अखेरीस पन्नास लाखांहून अधिक कुटुंबं या योजनेखाली आली. तत्त्व म्हणून हे योग्यच होतं, कारण मदत बंगल्याला न जाता गरजू घराला जावी हाच सुधारणेचा अर्थ. पण अर्ज भरून, उत्पन्न जाहीर करून मदत मागावी लागणं हा निवृत्त शिक्षकाला किंवा खाणकामगाराला आपला अपमान वाटला, आणि तो वाटणार हे सरकारने ओळखायला हवं होतं. दरवाढ का, पैसा कुठे जातो, आजवर कोण खात होतं, हे घरोघरी समजेल अशा भाषेत सांगण्याचं काम झालंच नाही. पंतप्रधान आकडे सांगत, लोकांच्या हातात बिल असे. धोरण बरोबर होतं, पण सांगण्यात हे सरकार तोकडं पडलं.

या सरकारचा एक दिवस बारकाईने पाहण्यासारखा आहे. 24 जुलै 2014. आठवड्यापूर्वी दोन्बासवर मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं होतं. पूर्वेकडे सैनिकांना पगार, इंधन आणि शिधा हवा होता. त्यासाठीच्या अर्थसंकल्पातल्या दुरुस्त्या राडाने मंजूर केल्या नाहीत आणि लवकर निवडणुका व्हाव्यात म्हणून दोन पक्ष आघाडीतून बाहेर पडले. यात्सेन्युक व्यासपीठावर उभे राहिले, रोज सैनिक मरत असताना पैसा न देणाऱ्या संसदेला त्यांनी खडसावलं आणि राजीनामा जाहीर केला. 31 जुलैला त्यावर मतदान झालं, तेव्हा तो स्वीकारावा असं म्हणणारे फक्त 16 सदस्य निघाले. त्याच दिवशी दुरुस्त्याही मंजूर झाल्या आणि त्यांत दीड टक्क्याचा युद्धकर होता. अगदी साध्या पगारदारालाही लागू असलेला तो कर लोकांना अर्थातच आवडला नाही. 2024 च्या अखेरीस तो वाढवून 5 टक्के केला गेला. 2014 मध्ये सहा हजार लढाऊ सैनिक असलेल्या देशाकडे 2022 मध्ये उभं सैन्य होतं, त्याची सुरुवात याच कटकटीच्या, अप्रिय तरतुदींपासून झाली.

ऑक्टोबर 2014 च्या निवडणुकीत त्यांच्या नव्या ‘पीपल्स फ्रंट’ पक्षाला 22 टक्क्यांहून थोडी अधिक मतं मिळाली. राष्ट्राध्यक्ष पेत्रो पोरोशेंको यांच्या आघाडीलाही त्याने किंचित मागे टाकलं. हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव मोठा जनादेश. नव्या मंत्रिमंडळात अर्थखातं अमेरिकेत वाढलेल्या नताली यारेस्को यांना, अर्थव्यवहार खातं लिथुआनियाच्या ऐव्हारस अब्रोमाव्हिचस यांना आणि आरोग्य जॉर्जियाच्या एका माजी मंत्र्याला दिलं गेलं. 2015 च्या ऑगस्टात खासगी परकीय धनकोंनी मुद्दलातले 20 टक्के सोडून दिले. यानुकोविच यांनी रशियाकडून घेतलेले 3 अब्ज डॉलर फेडायचं त्या डिसेंबरात थांबवलं गेलं. सरकारी खरेदी संगणकावर, सर्वांना दिसेल अशी करण्याचा कायदा याच काळातला आहे.

यावर म्हटलं जातं की, हे सगळं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने करून घेतलं, यात पंतप्रधानाचं श्रेय काय? निधीची अट होती हे खरं, 2014 आणि 2015 मध्ये मिळून दोन मोठे कर्जकार्यक्रम त्यावरच उभे होते. पण निधीच्या अटी यात्सेन्युक यांच्या आधीच्या सरकारांनाही होत्या. घरगुती दर वाढवण्याचं आश्वासन देऊन पैसे घ्यायचे आणि मग दर तसेच ठेवायचे, हा युक्रेनचा जुना रिवाज होता. त्यापायी आधीचे कार्यक्रम अर्ध्यावर बंद पडले होते. अट बाहेरून येते, ती पाळायचं धाडस आतून लागतं. दुसरा आरोप याच जातीचा: ते अमेरिकेचे हस्तक होते. फेब्रुवारी 2014 मध्ये अमेरिकी अधिकारी व्हिक्टोरिया नुलँड यांचं दूरध्वनी संभाषण फुटलं आणि त्यात यात्सेन्युक यांना पसंती दिल्याचं जगाने ऐकलं. अमेरिकेला ते हवे होते हे त्यातून दिसतं. पण 371 सदस्यांची मतं आणि आठ महिन्यांनी लाखो मतदारांनी दिलेला कौल दूरध्वनीवरून येत नाही. रशियाच्या तपासयंत्रणेने तर 2015 मध्ये त्यांच्यावर चेचन्याच्या युद्धात लढल्याचा आरोप केला. त्या युद्धाच्या वेळी ते चेर्निव्हत्सीत कायदा शिकत होते. विरोधकांना अशा कथा रचाव्या लागल्या, याचा अर्थ वाचकांनी लावावा.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधण्याचीही इच्छा नाही. भ्रष्टाचाराशी लढण्याचं वचन घेऊन आलेल्या सरकारने स्वतःच्या माणसांकडे डोळेझाक केली. यात्सेन्युक यांचे निकटचे सहकारी, खासदार मिकोला मार्तिनेंको यांच्यावर स्वित्झर्लंडमध्ये चौकशी सुरू असल्याचं उघड झालं. आरोप नाकारत त्यांनी डिसेंबर 2015 मध्ये खासदारकी सोडली, पण तोवर पंतप्रधानांनी त्यांच्यापासून अंतर राखलं नव्हतं. तिप्पट-चौपट गॅसबिल भरणाऱ्या माणसाने सरकारकडून किमान एवढी अपेक्षा केली होती की, त्याग सगळ्यांचा असेल. ती पुरी झाली नाही. दरवाढीचा खरा घाव बिलातल्या रकमेने बसला त्याहून या जाणिवेने खोल बसला. दोन भावांच्या गॅसवर पोसलेल्या धनदांडग्यांची कमाई आटली हे खरं, तरी त्यांच्यापैकी फार थोड्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. यात न्यायव्यवस्थेचा आणि राष्ट्राध्यक्षांचा वाटा मोठा होता, पण पंतप्रधानांचाही होता.

राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यातली जुनी रस्सीखेच तोवर पुन्हा सुरू झाली होती. 11 डिसेंबर 2015 रोजी यात्सेन्युक राडात वर्षाचा अहवाल मांडत असताना पोरोशेंको यांच्या पक्षाचे सदस्य ऑलेह बार्ना लाल गुलाबांचा गुच्छ घेऊन त्यांच्याकडे गेले, फुलं हातात दिली आणि कमरेला धरून त्यांना व्यासपीठावरून उचललं. फुलं हातात, पाय अधांतरी, असा देशाच्या पंतप्रधानाचा फोटो जगभर छापला गेला. दोन्ही सत्ताधारी पक्षांच्या सदस्यांत हाणामारी झाली. हे बार्ना पुढे सैन्यात गेले आणि 2023 च्या एप्रिलमध्ये आघाडीवर मारले गेले. त्या सभागृहात एकमेकांवर तुटून पडलेल्या माणसांचं देशावरचं प्रेम खोटं नव्हतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी 2016 च्या सुरुवातीला अब्रोमाव्हिचस यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निकटवर्तीयावर हस्तक्षेपाचा आरोप करून मंत्रिपद सोडलं. 16 फेब्रुवारीला राडाने आधी 247 मतांनी सरकारचं काम असमाधानकारक ठरवलं आणि थोड्याच वेळात, त्याच सदस्यांपुढे आलेला अविश्वास ठराव 194 मतांवर अडकला. काम वाईट म्हणायला बहुमत होतं, जबाबदारी घ्यायला नव्हतं. 10 एप्रिलला यात्सेन्युक यांनी दूरचित्रवाणीवरून राजीनामा जाहीर केला आणि 14 एप्रिलला व्होलोदिमिर ग्रोयस्मन 257 मतांनी पंतप्रधान झाले.

ग्रोयस्मन सरकारने पहिल्या काही आठवड्यांतच गॅसचे घरगुती दर एकसारखे करून आणखी वाढवले. म्हणजे टीका ज्या धोरणावर झाली ते धोरण बदललं नाही, माणूस बदलला. दोन भावांची व्यवस्था मोडली, रशियाकडची खरेदी पुन्हा सुरू झाली नाही, संगणकावरची सरकारी खरेदी वाढत गेली. एखाद्या सरकारचं काम जोखायचं तर त्याच्या विरोधकांनी सत्तेवर आल्यावर त्यातलं काय उलटवलं, हे पाहावं. यात्सेन्युक यांच्या कामातलं फार थोडं कुणी उलटवलं. आपल्या माणसांना पाठीशी घालण्याचा दोष त्यांच्या नावावर राहीलच आणि तो राहायलाही हवा. पण देशाची तिजोरी आणि गॅसची नळी मॉस्कोच्या हातून सोडवण्याचं काम त्यांच्या सरकारने केलं, हेही त्याच पानावर लिहिलं गेलं पाहिजे. 2014 मध्ये 22 टक्के मतं मिळवणाऱ्या ‘पीपल्स फ्रंट’ने 2019 च्या संसदीय निवडणुकीत आपली यादीच उभी केली नाही.